गावातली जुनी बँक कशी बघायची

रविवारी सकाळी साडेसातला जायचं. हे सगळ्यात आधी सांगते कारण लोक इथंच चुकतात, सोमवारी अकराला जातात, गेटवर पेन्शनवाल्यांची रांग, समोर टू-व्हीलरच्या तीन ओळी, केळीचे गाडे, आणि मग म्हणतात ह्यात काय बघायचंय, बँकच तर हाय. रविवारी किंवा दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते, शटर खाली असतं, रस्ता मोकळा असतो आणि बिल्डिंग पायापासून कठड्यापर्यंत एका नजरेत नीट दिसते.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात शाळेवर चित्रकला शिकवते आणि दरवर्षी थंडीत नववीच्या लेकरांना घेऊन मोंढ्याजवळची (मोंढा म्हणजे शेतमालाचा बाजार) जुनी दगडी बँक बघायला जाते. आमच्याकडं वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, औंढ्याचं देऊळ बघायला सगळेच जातात, जायलाच पाहिजे, पण आपल्या आजोबांनी कापूस विकून ज्या खिडकीतून नोटा मोजून घेतल्या ती खिडकी अजून जागेवर हाय आणि तिच्यासमोरून आपण रोज गाडी काढतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. म्हणून हे लिहायले. तुमच्या गावात बँक दगडी नसेल, विटांची असेल, साठ-सत्तरच्या दशकातली सिमेंटची असेल, तरी बघायची पद्धत हीच.

जायच्या आधी एवढं माहीत असू द्या

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, हे आपण दरवर्षी झेंडावंदनाला ऐकतो, पण त्याचा बँकेशी काय संबंध ते कुणी सांगत नाही. संबंध असा की आपल्याकडं पैसाच वेगळा होता. इंग्रजांच्या मुलखात चालायचा तो कलदार रुपया आणि आपल्याकडं हाली शिक्का, त्यालाच उस्मानिया शिक्काही म्हणायचे, नाण्यावर चारमिनार, आणि १९१८ पासून संस्थानाच्या स्वतःच्या कागदी नोटा. हिशोब ७ हालीला ६ कलदार. म्हणजे जालन्याच्या किंवा सेलूच्या व्यापाऱ्यानं मुंबईला रुईच्या गाठी पाठवल्या की भाव एका पैशात आणि घरखर्च दुसऱ्या पैशात, मधी बट्टा, म्हणजे पैसा बदलून घेताना कापली जाणारी रक्कम. हा बट्टा, हुंडी, उधारी सगळं पिढ्यान्‌पिढ्या सावकाराच्या पेढीवर चालायचं.

मग १९४१ साली संस्थानानं हैदराबाद स्टेट बँकेचा कायदा केला आणि ५ एप्रिल १९४२ ला हैदराबादेत गनफाउंड्रीला बँक सुरू झाली. ही नुसती ठेवी घेणारी बँक नव्हती, उस्मानिया शिक्क्याचं चलन सांभाळणं आणि संस्थानाच्या कर्जाचा व्यवहार बघणं हे पण तिचंच काम. पुढं १९५३ ला रिझर्व्ह बँकेची एजंट म्हणून सरकारी खजिन्याचं काम तिच्याकडं आलं, १९५६ ला ती रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात गेली आणि नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं, १९५९ ला स्टेट बँक ऑफ इंडियाची उपबँक झाली, त्याच वर्षी हाली शिक्का चलनातून कायमचा गेला, आणि १ एप्रिल २०१७ ला ती बँक स्टेट बँकेतच विलीन झाली. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून "हैदराबाद बँकेत जाऊन येतो" म्हणतात. पाटी बदलून इतकी वर्षं झाली तरी तोंडातनं नाव जात नाही.

ह्या तारखांचा उपयोग काय? बिल्डिंगचं वय काढायला. समोरच्या दगडी इमारतीवर १९४२ च्या आधीचं साल असेल तर ती ह्या बँकेसाठी बांधलेली नाही हे उघड हाय, मग ती आधी कुणाची होती हा पहिला प्रश्न. पेढी होती का, कुणाचा वाडा होता का, सरकारी खजिना होता का. बँक जुनी दिसते म्हणून इमारत बँकेसाठीच उभी केली असं धरून चालू नका, भरपूर शाखा भाड्याच्या जागेत निघाल्यात.

साल कोरलेलं असलं आणि उर्दूत असलं तर उर्दू शाळेच्या सरांना घेऊन जा, ते वाचून देतात आणि आनंदानं देतात. पण आकडा चौदाशेच्या आतला, म्हणजे १३४५, १३५० असा निघाला तर घाबरू नका, तो बहुतेक फसली सन, म्हणजे महसुलाच्या हिशोबाचं वर्ष असतं, संस्थानाचा सगळा कारभार फसलीत चालायचा. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवायचे की इसवी सन येतं, दोन आकडे अशासाठी की फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू व्हायचं. हिजरीचा पण संभव असतो, तेव्हा सन कुठला ते सरांना विचारून घ्या.

एक गोष्ट लेकरांना मी नेहमी सांगते ती उमरीची. नांदेड जिल्ह्यातलं उमरी, मुदखेडच्या पुढं रेल्वे लाईनवरचं गाव. तिथल्या हैदराबाद स्टेट बँकेचा पैसा ३० जानेवारी १९४८ ला मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी काढून नेला, लढा चालवायला पैसा पाहिजे होता म्हणून. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजी गेले. हे ऐकलं की लेकरं खिडकीचे गज हाताला लावून बघतात, आणि तिथून पुढं मला काही सांगावं लागत नाही, तेच बघायला लागतात.

समोर उभं राहून काय बघायचं

बिल्डिंगच्या अगदी जवळ जाऊ नका. रस्त्याच्या पलीकडं जिथून दोन्ही कोपरे एकदम दिसतात तिथं उभं राहायचं, आमच्याकडं तिथं चहाची टपरी हाय त्यामुळं सोयच झाली. दहा मिनिटं फोन खिशात. नजर खालून वर न्यायची, कारण गवंड्यानं बांधलं पण खालूनच.

आधी जोतं बघा. जुन्या बँकेचं जोतं रस्त्यापासून चांगलं उंच असतं, पावसाचं पाणी आणि ओल आत जाऊ नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे पायऱ्या चढून वर गेलं की माणसाला आपण काहीतरी मोठ्या ठिकाणी आलो असं वाटतं. पायऱ्या मोजा. रस्त्यावर डांबरावर डांबर चढत जातं, त्यामुळं खालच्या एकदोन पायऱ्या गाडल्या गेलेल्या असू शकतात, सगळ्यात खालची पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी दिसली की समजायचं.

मग दगड. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्ह्याचा, जवळजवळ सगळा मराठवाडा त्याच्यावर बसलाय. तो घडीव हाय का ओबडधोबड ते बघा. घडीव असेल तर सांधे सरळ आणि बारीक असतात, नखसुद्धा नीट जात नाही. पुष्कळ ठिकाणी फक्त समोरची भिंत आणि कोपरे घडीव असतात आणि बाजूच्या भिंतीला साधा दगड, म्हणजे पैसे जिथं दिसतात तिथं खर्च केलेत. हे मला वाईट नाही वाटत, उलट बांधणाऱ्याचं बजेट त्या भिंतीवर वाचता येतं. बोळीत शिरून मागची बाजू बघितल्याशिवाय परत यायचं नाही.

भिंतीची जाडी खिडकीच्या खोबणीत दिसते. दीड-दोन फुटांची भिंत असेल तर एप्रिल-मे मध्ये तिच्या आत जाऊन बघा, बाहेर ४२-४३ डिग्री असतंय आणि दुपारपर्यंत आत ऊन पोचतच नाही, कारण एवढा दगड तापायलाच अर्धा दिवस लागतो. तापला की मात्र रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, पण रात्री बँकेत असतं कोण. दिवसा चालणाऱ्या कामाला जाड दगडी भिंत एकदम बरोबर हाय.

कमानीवर थोडा जास्त वेळ द्या. गोल हाय का वर टोक काढलंय? निजामाच्या काळातल्या सरकारी कामात टोकदार कमान, पुढं आलेला छज्जा आणि वर कठड्याला नक्षी हे पुष्कळ दिसतं, हैदराबादेतलं काचीगुड्याचं स्टेशन आणि हायकोर्ट ही त्याची मोठी उदाहरणं, स्टेशन १९१६ चं आणि हायकोर्ट १९२० चं, दोन्ही व्हिन्सेंट एश ह्या इंग्रज आर्किटेक्टच्या हातची. तालुक्याच्या गावात तेवढा थाट कुठून येणार, पण तीच कमान छोटी होऊन आपल्याकडं आलेली दिसते. कमानीचे दगड मोजा, आकडा बहुधा विषम निघतो कारण मधोमध एक दगड लागतो, तो बसला की कमान स्वतःचं वजन स्वतः धरते आणि खालचा लाकडी आधार काढून घेता येतो. आमच्या एका पोरानं घरी जाऊन साबणाच्या वड्या कापून कमान करून बघितली आणि ती उभी राहिली.

खिडक्यांचे गज, लाकडी दारं, वरचे झरोके सगळं चित्रात घ्या. कुठल्या भिंतीला खिडकीच नाही हे पण तुमच्या ध्यानात येईल. ते ध्यानात येऊ द्या पण कागदावर लिहू नका आणि नेटवर तर मुळीच टाकू नका, ती चालू बँक हाय, लोकांचा पैसा हाय तिथं.

शेवटी, जे जुनं नाही ते शोधा. दाराच्या जागी शटर कधी बसलं, पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प कधी झाला (हा चांगला झाला, माझी आई आता त्याच्यावरून जाते), एटीएमची खोली कुठल्या पडवीत घातली. दगडाचा रंग जिथं एकदम बदलतो, सांधा जिथं तुटतो, तिथं नंतरचं काम असतं. बिल्डिंग १९६९ नंतरची असेल, म्हणजे त्या वर्षीच्या १९ जुलैला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खेड्यापाड्यात शाखा निघाल्या त्या काळातली, तर दगड नाही मिळणार पण मोझॅकची फरशी, सिमेंटचे लांब छज्जे, लोखंडी ग्रिलमधली डिझाईन मिळेल. ते पण बघण्यासारखं असतं, त्याला कमी समजू नका, माझा स्वतःचा जीव दगडात अडकलाय एवढंच.

आत जायचं ते वेगळ्या दिवशी

महिन्याच्या एक ते दहा तारखेत जाऊ नका, पगार आणि पेन्शनची गर्दी असते आणि तुम्ही मधी उभं राहून छताकडं बघायलात हे कुणाला आवडणार. वीस तारखेनंतरचा मंगळवार-बुधवार, दुपारी तीनच्या पुढं. खातं असेल तर पासबुक भरायच्या निमित्तानं जाताच येतं. लेकरं असतील तर शाळेच्या लेटरहेडवर आठवडाभर आधी अर्ज द्यायचा, मॅनेजर साहेबांना समक्ष भेटायचं, किती जण, किती वेळ, काय बघणार हे स्पष्ट सांगायचं. आत फोटो काढू देत नाहीत, त्यासाठी हुज्जत घालायची नाही. मी लेकरांना वेगळा नियम दिलाय. आत पाच मिनिटं फक्त बघायचं, हात मागं बांधून, मग बाहेर टपरीवर येऊन आठवून काढायचं. असं काढलेलं चित्र फोटोपेक्षा चांगलं निघतं कारण ज्यानं जे खरंच बघितलं तेवढंच त्यात येतं.

आत बघायचं ते आधी वर. छत उंच असतं, गरम हवा वर जाऊन रोशनदानातून बाहेर पडावी म्हणून. फॉल्स सीलिंग केलं असेल तर हे सगळं झाकलं गेलेलं असतं, पण स्टोअररूमकडं किंवा जिन्यात कुठंतरी मूळ छत उघडं राहतं. लाकडी तुळया आणि त्याच्यावर फळ्या असतील तर तो कडीपाट. लोखंडी गर्डर आणि दोन गर्डरच्या मधे विटांची बुटकी कमान असं असेल तर इंजिनिअर लोक त्याला जॅक आर्च म्हणतात, त्या काळातल्या सरकारी बांधकामात, रेल्वेच्या इमारतींत हे खूप वापरलंय. गर्डरवर कधी कधी कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, दिसलं तर लिहून घ्या.

आणि खाली फरशी बघा. शहाबादी असेल तर काउंटरसमोरची फरशी नीट न्याहाळा. आमच्याकडं एका खिडकीसमोर ती बशीसारखी खोलगट झालीय, पाणी सांडलं की तिथंच थांबतं. इतकी वर्षं लोक त्याच जागेवर उभे राहिलेत, चपला काढून, पागोटं सावरत, खिशातला कागद परत परत चाचपत. काउंटर आता दुसरीकडं गेलंय, काच आलीय, टोकनचा आवाज मशीन करतं, पण रांग कुठं लागायची ते फरशी अजून सांगते. मला सगळ्या बिल्डिंगीत हीच जागा सगळ्यात जास्त आवडते.

भोवतीनं एक चक्कर

बँक एकटी बघितली तर अर्धीच बघितली. ती तिथंच का हाय हे कळायला अर्धा तास पायी फिरायचं. सुरुवात मोंढ्यापासून, कारण आपल्याकडं गावाचा पैसा मोंढ्यातूनच निघतो. आडत दुकानापासून बँकेच्या दारापर्यंत पावलं मोजा. मग बँकेपासून तहसील, पोस्ट, पोलीस ठाणं, रेल्वे स्टेशन, जुनी जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना). एका कागदावर बँक मधी काढून हे सगळं भोवती मांडा आणि पावलांचे आकडे लिहा, नकाशा नीटनेटका नसला तरी चालतो. पैसा घेऊन कुणी लांब चालत नाही, हे त्या आकड्यांतून लगेच दिसतं.

स्टेशनचा भाग महत्त्वाचा हाय. मनमाडहून निघालेली गोदावरी खोऱ्याची लाईन १९०० च्या आगेमागे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जोडली गेली, तिकडं लातूरला बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी १९११ ला पोचली, आणि जिथं गाडी थांबली तिथं मोंढे वाढले, जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, धर्मशाळा झाल्या. लातूरची गंजगोलाई हे ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण, १९१७ चं बांधकाम, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि भोवतीनं १६ रस्ते, फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा आराखडा. एकेका रस्त्याला एकेक माल, सोनं वेगळ्या रस्त्याला, चपला वेगळ्या, मिरची-गूळ वेगळा. लातूरच्या लोकांनी बँका बघायची चक्कर गोलाईपासूनच सुरू करावी.

चालताना बारीक गोष्टी शोधा, भिंतीत बसवलेली लोखंडी कडी (बैल नाहीतर घोडं बांधायची), जनावरांचा दगडी हौद, एखादी पेढी जिच्या ओट्यावर अजून गादी-लोड हाय, लिंबाचं नाहीतर चिंचेचं झाड जिथं गाड्या सुटायच्या. आमच्या बँकेपुढचा रस्ता गावातल्या बाकी रस्त्यांपेक्षा एकदम रुंद हाय आणि लेकरं विचारतात का, तर दोन बैलगाड्या एकमेकीला पास होऊन तिसरी उभी राहिली पाहिजे एवढी ती रुंदी हाय. आता तिथं कार लावतात.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं

"जुना इतिहास सांगा" असं म्हणू नका. असं विचारलं की माणूस एकदम भाषण केल्यासारखं बोलायला लागतो आणि पुस्तकातलंच सांगतो. छोटं विचारा. बँकेत पहिल्यांदा कुणासोबत गेलात? बसायला काय होतं? पितळी टोकन मिळायचं ना, नंबर कोण पुकारायचं? सही करायचात का अंगठा? अंगठ्याची शाई कशाला पुसायचात? हाली आणि कलदार हे शब्द मुद्दाम काढा, घरात कुणी वापरायचं का विचारा. माझ्या आजोबांनी हे सगळं आम्हाला शंभरदा सांगितलं असेल आणि मी एक ओळ लिहून ठेवली नाही, आता जे आठवतं तेवढंच हाय, कापसाचे पैसे धोतराच्या सोग्यात बांधून आजी येईपर्यंत बँकेच्या पायरीवर बसून राहायचे, एवढं. म्हणून फोनवर रेकॉर्ड करा, आधी विचारून करा, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी नाव, गाव, तारीख घालून सेव्ह करा, नाहीतर ते शे-दीडशे व्हॉट्सॲप ऑडिओमधे हरवतंय.

इमारत कुणाच्या मालकीची हे लोकांच्या सांगण्यावर सोडू नका, प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो. नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिका मिळते, लोक त्याला पीआर कार्ड म्हणतात, सिटी सर्व्हे नंबर माहीत असेल तर ऑनलाइन पण निघते.

फोटो आणि मापं

बाहेरून फोटो काढताना वॉचमन मामाला आधी सांगा, न सांगता कॅमेरा रोखला तर त्यांना अडवावंच लागतं, त्यांची ड्यूटी हाय ती. पूर्वेला तोंड असेल तर सकाळी, पश्चिमेला असेल तर संध्याकाळी चारच्या पुढं. दगडावरची टाचणी, म्हणजे छिन्नीचे ठोके, तिरप्या उन्हातच दिसतात, भर दुपारी सगळा दगड सपाट काळा येतो. फोन वर तिरका केला की भिंती मागं पडल्यासारख्या दिसतात, त्यापेक्षा लांब जा. प्रत्येक फोटोत एक माणूस उभा करा म्हणजे उंचीचा अंदाज येतो.

मापाला टेप नसली तरी अडत नाही. एका दगडाची उंची वितीनं मोजायची, मग जोत्यापासून वर किती थर आहेत ते मोजून गुणायचं. नववीच्या लेकरांना सावलीवरून पण उंची काढता येते, भूमितीतलं समरूप त्रिकोणाचं प्रकरण त्यांना पहिल्यांदा खरं वाटतं तेव्हा.

बिघाड ओळखायला शिका

हे मला सगळ्यात पोटतिडकीनं सांगायचंय. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते. चुना, वाळू, चुन्याच्या घाण्यात बैल फिरवून मळलेला, त्यात गूळ, बेलफळ असं घालायचे. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेत सावकाश कडक होतो आणि भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. एका गावात मी बघितलं, रंगरंगोटीच्या कंत्राटदारानं असल्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, सिमेंटनं भरल्या आणि वरून ऑईलपेंट मारला, दोन वर्षं चकचकीत दिसलं आणि तिसऱ्या पावसाळ्यात आतून पांढरा खार फुटला, पापुद्रे पडायला लागले. ओल कुठून जाणार? सिमेंटनं तिची वाट बंद केली, मग ती आतल्या बाजूला येते, रेकॉर्डच्या कपाटामागं. दर्जा भरायच्या तर चुन्यानंच भरायच्या, दगडाला रंग द्यायचा नाही, धुवायचा तर साध्या पाण्यानं आणि नरम ब्रशनं, ॲसिडनं नाही.

पिंपळाचं रोप कठड्यात दिसलं तर त्याच आठवड्यात शाखेत लेखी कळवा, बोटाएवढं असताना मुळासकट निघतं, मनगटाएवढं झालं की दगड उचलतं. गच्चीवरचे पाण्याचे पाईप तुंबलेत का, एसीचं पाणी भिंतीवरून उतरतंय का, हे पण बघा, पाणी थांबलं की निम्मा बिघाड थांबतो.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट हाय. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, पहाटे, हजारो माणसं जाड दगडी भिंती आणि माळवदाखाली गेली, आणि तेव्हापासून मराठवाड्यात दगडी म्हटलं की धोक्याचं, पाडा, असंच डोक्यात बसलंय. ज्यांनी ते बघितलंय त्यांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. पण तिथल्या त्या घरांच्या भिंती बहुतेक मातीत रचलेल्या होत्या, गोलसर दगड, आतला थर वेगळा आणि बाहेरचा थर वेगळा, दोन्हीला बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते आणि वर मातीचं जड छत. घडीव दगडाची, चुन्यातली, आरपार दगड घातलेली भिंत ही वेगळी गोष्ट हाय. तुमची बँक ह्यातली कुठली हे डोळ्यानं ठरवू नका, त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरच पाहिजे. तुम्ही एवढंच करा की भेगेचा फोटो तारखेसह काढून ठेवा, सहा महिन्यांनी त्याच जागेवरून परत काढा, वाढली असेल तर दोन्ही फोटो अर्जाला जोडून द्या. आणि छज्जा हलला असेल किंवा भिंतीला पोट आलं असेल तर खाली लेकरं उभी करू नका, लांबून बघा.

काम झालं की चित्रं, नकाशा, रेकॉर्डिंग ह्याच्या तीन प्रती करा, एक शाळेत, एक गावाच्या वाचनालयात, एक बँकेत. मी पहिल्या वर्षी एकच ठेवली होती, ती कपाटात वाळवी लागून गेली.

एकदा तरी मोठ्या गावची बँक

आपली बँक बघून झाली की हैदराबाद आणि मुंबई दोन्ही करा, आणि आपलं नशीब बघा, एकच देवगिरी एक्सप्रेस दोन्हीकडं जाते. हैदराबादला गनफाउंड्री, जिथून आपली बँक सुरू झाली, नावच तोफा ओतायच्या कारखान्यावरून पडलंय, रेमंड नावाच्या फ्रेंच सेनापतीनं १७९५ च्या सुमाराला काढलेला, त्याचे अवशेष तिथंच हायेत. तिथून कोठी जवळ, कोठीच्या त्या भागाला बँक स्ट्रीटच म्हणतात, आणि बाजूलाच ब्रिटिश रेसिडेन्सीची मोठी खांबांची इमारत.

मुंबईला सीएसएमटीला उतरून हॉर्निमन सर्कलपर्यंत पायी जायचं, पंधरा-वीस मिनिटं. गोल बाग, भोवतीनं कमानीच्या पडव्या, आणि समोर १८३३ चा टाऊन हॉल, ३० पायऱ्या, लेकरं मोजल्याशिवाय राहत नाहीत. ह्याच भागात कापसाच्या पैशावर बँका वाढल्या आणि पडल्या पण. अमेरिकेत यादवी युद्ध होतं, १८६१ ते ६५, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, युद्ध संपलं आणि भाव कोसळला, त्यात १८४० साली निघालेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ ला बुडाली आणि नवी काढावी लागली. पुढं १९२१ ला कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या तीन बँका मिळून इम्पिरियल बँक झाली आणि तीच १ जुलै १९५५ ला स्टेट बँक ऑफ इंडिया. म्हणजे २०१७ ला आपली हैदराबादची बँक जिच्यात मिळाली तिचं एक मूळ ह्या गोल बागेच्या भोवती हाय. फोर्टात पी. एम. रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय पण हाय, सोमवार टाळून जा.

तिथं गेल्यावर पण पद्धत बदलायची नाही, रस्त्याच्या पलीकडं उभं राहायचं, दहा मिनिटं फोन खिशात, नजर खालून वर. देवगिरीचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल तर त्या दिवशी सकाळी आठलाच बसा, नाहीतर वेटिंग येतंय.